गाडी झोपलेली, चार्जर जागा

इंग्लंडात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि हौसेच्या जुन्या गाड्या गॅरेजात मागे जातात. त्याच्या पुढच्याच रविवारी लंडनहून ब्रायटनला जुन्या मोटारींची फेरी निघते. 1905 च्या आधी बांधलेल्या गाड्यांनाच तिच्यात प्रवेश. 1896 साली ब्रिटिश सरकारनं मोटारींची वेगमर्यादा ताशी 4 मैलांवरून 14 मैलांवर नेली, त्या आनंदात पहिली फेरी निघाली होती. आजही ही सव्वाशे वर्षांची धुडं बिनछपराची, नोव्हेंबरच्या झिमझिम पावसात भिजत, धूर काढत समुद्राकडे जातात. रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवणाऱ्यांत अनेकांची स्वतःची मॉरिस मायनर किंवा एमजी असते. ती मात्र तोवर घरी चादरीखाली गेलेली असते. साठ वर्षांची आहे बिचारी, हवा बाधेल.

खरं तर बाधतं ते मीठ. रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून रात्री मिठाच्या गाड्या फिरतात. चेशरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून हे मीठ 1844 पासून निघतंय. इंग्रजांच्या भाजीत जे कमी पडतं ते सगळं रस्त्यावर गेलेलं असतं. या मिठाचं पाणी जुन्या गाडीच्या पोटाखाली एकदा शिरलं की पत्र्याला गंज चढतो, म्हणून हिवाळाभर गाडी बाहेर काढायची नाही, हे शहाणपणाचं आहे. टायरमध्ये थोडी जास्त हवा भरायची, हँडब्रेक सोडून चाकाखाली लाकडी ठोकळा द्यायचा, धुरांड्याच्या नळीत उंदीर शिरू नये म्हणून बोळा कोंबायचा आणि उन्हाळ्यात तो बोळा काढायची आठवण ठेवायची. या सगळ्यावर गाडीवाल्यांचं दोन वाक्यांत एकमत होतं. मग कोणीतरी सहज विचारतो, "बॅटरीला चार्जर कुठला लावलाय?" आणि पबमधल्या त्या टेबलावरच्या कुणालाही पुढचे दोन तास घरी जाता येत नाही.

ज्या वस्तूवरून हे सगळं चालतं ती तशी साधी आहे. शिशाच्या पट्ट्या गंधकाम्लात बुडवून वीज साठवायची युक्ती गास्तों प्लांते या फ्रेंच माणसानं 1859 मध्ये काढली. गाडीच्या बॅटरीचा रसायनधर्म तेव्हापासून फारसा बदललेला नाही. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घरं असतात, प्रत्येकात दोन व्होल्टच्या जरा वर. पूर्ण भरलेली, काही तास निवांत ठेवलेली बॅटरी साधारण 12.7 व्होल्ट दाखवते. 12.4 म्हणजे पाऊण भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी. बाराच्या खाली गेली की बसली. बसलेल्या बॅटरीला तसंच ठेवलं तर पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे खडे धरतात, ते कठीण होत जातात आणि मग कितीही वीज ओतली तरी ती आत जात नाही. हौशी माणूस हिवाळ्यात चार्जर शोधतो तो या सल्फेटच्या धाकानं.

दुसरा धाक गोठण्याचा. तो निम्मा खरा आहे. बसलेल्या बॅटरीतलं आम्ल पातळ होऊन जवळजवळ पाणीच उरतं आणि शून्याखाली सात-आठ अंशांवर गोठून बॅटरीचं खोकं फोडू शकतं. भरलेल्या बॅटरीतलं आम्ल मात्र उणे 50 च्याही खाली जाईपर्यंत द्रवच राहतं. ब्रिटनमधली आजवरची सगळ्यात कडक थंडी म्हणजे स्कॉटलंडातल्या ब्रेमारला नोंदलेलं उणे 27.2 अंश. म्हणजे भरलेली बॅटरी ब्रेमारच्या माळावर उघडी ठेवली असती तरी ती गोठली नसती. ठेवणारा गोठला असता.

पूर्वी या प्रकरणाला एकच उत्तर होतं. जाड पत्र्याचं खोकं, आत ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर, पुढे एक काटा, दोन चिमटे आणि रात्रभर गुंईऽऽ असा आवाज. असे चार्जर अजून मिळतात. दर सप्टेंबरात हॅम्पशरमधल्या ब्यूलीला जुन्या सुट्या भागांचा जो प्रचंड बाजार 1967 पासून भरतो, तिथे ते चिखलात ताडपत्रीवर मांडलेले असतात आणि विकणारा ते "चालू" असल्याची शपथ घेतो. चालू असतातच. अडचण ही की ते थांबत नाहीत. पंगतीत पाहुण्यानं पानावर दोन्ही हात आडवे धरले तरी बोटांच्या फटीतून जिलबी सोडणाऱ्या यजमानासारखं ते खोकं भरलेल्या बॅटरीतही वीज रेटत राहतं. व्होल्ट साडेचौदाच्या पुढे गेले की आतल्या पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन बुडबुडे निघायला लागतात. हवेत चार टक्के हायड्रोजन जमला तरी एका ठिणगीनं स्फोट होतो. पाणी आटून पट्ट्या उघड्या पडतात त्या वेगळ्याच. एक रात्र ठीक. नोव्हेंबर ते मार्च असं खोकं लावून ठेवलं तर वसंतात मालकाला बॅटरीच्या जागी उकडलेलं शिसं मिळतं.

म्हणून आले हुशार चार्जर. त्यांतलं एक मोठं नाव सीटेक, स्वीडनचं. थंडीतली बॅटरी हा विषय स्वीडनपेक्षा जास्त कुणाला कळणार? त्यांच्या एका लोकप्रिय चार्जरवर आठ पायऱ्यांचे आठ दिवे आहेत. आधी सल्फेट झाडायचं, मग हळूच सुरुवात, मग मुख्य भरणा, मग शेवटचा घोट, मग बॅटरी वीज धरून ठेवते की नाही याची परीक्षा, गरज असल्यास जीर्णोद्धार, मग नुसतं तरंगत ठेवणं आणि शेवटी अधूनमधून एकेक ठोका. शिवाय एका बटणावर हिमकणाचं चित्र आहे. थंडीत बॅटरीला भरून घ्यायला थोडे जास्त व्होल्ट लागतात, म्हणून ते बटण दाबलं की चार्जर 14.4 ऐवजी 14.7 पर्यंत जातो. यंत्र खरोखर चांगलं आहे. पण ते मालकाचं काय करतं तेही पाहण्यासारखं आहे. जुन्या खोक्याकडे पाहण्यासारखं काही नव्हतं, काटा शून्याकडे आला की संपलं. आता रात्री अकराला ड्रेसिंग गाऊनवर, हातात टॉर्च घेऊन, एक निवृत्त बँक अधिकारी गॅरेजात जातो आणि परत येऊन झोपलेल्या बायकोला सांगतो, "सातव्यावर आहे." तिनं यावर काय म्हणायचं असतं हे लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी ठरलेलं नाही.

आता मूळ मुद्दा. हे सगळं कशासाठी? बंद गाडी बॅटरी खाते म्हणून. आजची गाडी खातेच. तिचा अलार्म जागा असतो, किल्लीची वाट पाहणारा रिसीव्हर जागा असतो, संगणक अर्धवट झोपेत असतो. पन्नास मिलिअँपिअर म्हणजे तशी नगण्य वीज, पण दिवसाला ती सव्वा अँपिअर-तासाच्या आसपास जाते आणि पंचेचाळीसची बॅटरी तीन आठवड्यांच्या आत निम्म्यावर येते. तिला चार्जर हवाच.

मॉरिस मायनर काय खाते? अलेक इसिगोनिसनं बेतलेली ही गाडी 1948 मध्ये अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात आली आणि 1960 च्या अखेरीला तिनं दहा लाखांचा आकडा गाठला. एवढी मजल मारणारी ती पहिली ब्रिटिश गाडी. तिच्यात अलार्म नाही, संगणक नाही, रेडिओसुद्धा मालकानं बसवला असेल तरच. किल्ली बंद केली की गाडी खरोखर बंद होते. वायरिंग ठीक असेल तर तिच्या बॅटरीतून बाहेर जाणारी वीज शून्य. उरते ती बॅटरीची आतल्या आत होणारी गळती, आणि ती तापमानावर चालते. दहा अंश वाढले की साधारण दुप्पट, दहा उतरले की निम्मी. म्हणजे इंग्लंडातलं पाच-सहा अंशांचं, ओलसर, कुबट गॅरेज ही भरलेल्या बॅटरीला जगात सगळ्यात जास्त मानवणारी जागा आहे. ज्या थंडीच्या भीतीनं चार्जर विकत घेतला, तीच थंडी फुकटात बॅटरी राखत असते.

थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो आणि इंजिनातलं तेल घट्ट होतं, म्हणून सेल्फ मारताना गाडी रडते, हे खरंच. पण जी गाडी एप्रिलपर्यंत चालूच करायची नाही तिच्या बाबतीत जानेवारीत सेल्फ लागेल का, हा प्रश्न कुणी कशाला सोडवायचा? शिवाय मायनरला पुढून हँडल घालायची सोय आहे. कॅडिलॅकनं 1912 मध्ये गाडीला विजेचा स्टार्टर बसवला त्याच्या आधी सगळं जग हँडल मारूनच निघत होतं. आता मात्र हँडल डिकीत असतं, गुडघे साथ देत नाहीत आणि चार्जर घरपोच येतो.

एक पंथ चार्जरच्या विरोधात आहे. त्याचं म्हणणं, दर पंधरा दिवसांनी गाडी दहा मिनिटं चालू ठेवली की झालं. ऐकायला सोपं, हिशेबात साफ चूक. थंड इंजिनाला फिरवायला स्टार्टर शंभर ते दोनशे अँपिअर ओढतो. ते भरून काढायचं काम डायनॅमोचं, आणि ब्रिटिश डायनॅमो जोरात पळताना वीस-बावीस अँपिअर देतो. गाडी जागेवर घुमत असताना जवळजवळ काहीच देत नाही. तसं तो कबूलही करतो. डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणत असतो तो त्याचाच. दहा मिनिटांनी मालक समाधानानं गाडी बंद करतो तेव्हा बॅटरी आधीपेक्षा रिकामी झालेली असते, धुराच्या नळीत आणि इंजिनाच्या तेलात पाणी जमलेलं असतं आणि शेजारी खिडकी लावून घेत असतो.

दुसरा पंथ बॅटरी काढून घरात आणणाऱ्यांचा. बारा-पंधरा किलोचं आम्लानं भरलेलं खोकं जिन्याखालच्या कपाटात किंवा गरम पाण्याच्या टाकीशेजारी, टॉवेल वाळवतात त्या उबदार जागी विसावतं. वर सांगितलेल्या हिशेबानं घरातली ही सर्वांत वाईट जागा. टॉवेलला पडणारी भोकं मार्चमध्ये लक्षात येतात. हीच मंडळी बॅटरी कधीही सिमेंटच्या जमिनीवर ठेवत नाहीत. खाली फळी हवीच, नाहीतर जमीन वीज शोषून घेते. ही समजूत आली ती बॅटरीची खोकी लाकडाची आणि कडक रबराची होती त्या काळातून. आजची खोकी पॉलिप्रॉपिलीनची असतात आणि जमिनीला विजेची काही हाव नसते. फळी मात्र अजून ठेवली जाते. ठेवायला हरकत नाही, निदान पाठ वाकवावी लागते ती दोन इंच कमी.

तिसरे सौरऊर्जावाले. घरापासून लांब भाड्यानं घेतलेल्या गॅरेजात वीज नसते, म्हणून छपरावर वहीएवढं सोलर पॅनल. कल्पना स्तुत्य आहे. लंडनला डिसेंबरात दिवस आठ तासांपेक्षाही लहान असतो, सूर्य क्षितिजाला चिकटून जातो आणि मध्ये ढग असतात. ज्या महिन्यात बॅटरीला मदत हवी असं मालकाला वाटतं, नेमका तोच महिना सूर्य रजेवर असतो.

चार्जर घेतल्यावर खरी गंमत होते ती चिमटे लावताना. माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की लाल चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा, मग काळा चिमटा बॅटरीपासून दूर गाडीच्या बॉडीला लावा. ठिणगी उडालीच तर हायड्रोजनपासून लांब उडेल. सल्ला उत्तम, पण तो लिहिणाऱ्याच्या जगात सगळ्या गाड्यांची बॉडी निगेटिव्ह असते. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बहुतेक ब्रिटिश गाड्यांची बॉडी पॉझिटिव्हला जोडलेली होती. एमजीबी 1967 मध्ये बदलली. मायनर शेवटपर्यंत हटली नाही. अशा गाडीला माहितीपत्रक बघून चिमटे लावले तर लाल पॉझिटिव्हला आणि काळाही पॉझिटिव्हलाच. आठही दिवे गप्प, नववा लाल पेटलेला, आणि मालक स्वीडनला शिव्या देत उभा. खरं तर अशा वेळी काळा चिमटा आधी बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल शेवटी बॉडीला लावायचा. ज्याला हे उमगत नाही त्यानं बॅटरीची दोन्ही टोकं सुटी करावीत आणि अधिक-उणेच्या खुणा वाचाव्यात. चार्जरला बॅटरी कळते, तिच्याभोवतीची गाडी कळत नाही.

दुसरं संकट सहा व्होल्टचं. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतची फोक्सवॅगन बीटल सहा व्होल्टवर चालायची. तिला बारा व्होल्टचा चार्जर लावला की बॅटरी उकळते. काही चार्जर सहा की बारा हे आपणहून ओळखतात. भरल्या बॅटरीवर ठीक ओळखतात. पण पार बसलेली बारा व्होल्टची बॅटरी सहा-सात व्होल्ट दाखवायला लागली की हुशार चार्जर तिला सहाची समजतो, थोडी वीज चाखवतो आणि काम फत्ते म्हणून हिरवा दिवा लावतो. काही चार्जर तर इतक्या बसलेल्या बॅटरीला बॅटरीच मानत नाहीत. अशा वेळी बटण दाबून आपण सांगावं लागणारा मुका चार्जर बरा. आणि एमजीबी? 1974 पर्यंत तिच्यात सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असत, त्याही सीटच्या मागे फळीखाली. तिथे नजर पोचत नाही, हात पोचतो तो कोपरापर्यंत सोलून. त्या गाडीचा मालक चार्जर घेतो तो बॅटरीच्या प्रेमानं नव्हे. एकदा कायमची वायर बाहेर काढून ठेवली की पुन्हा तिथे वाकायला नको, म्हणून.

विजेच्या बाबतीत ब्रिटिश मोटारवाल्याचा स्वभाव असा का झाला, याला इतिहास आहे. त्याच्या गाडीतली बहुतेक वीज बर्मिंगहॅमच्या जोसेफ ल्यूकस कंपनीनं घातलेली, आणि तिला साऱ्या जगात 'अंधाराचा राजपुत्र' ही पदवी मिळालेली. इंग्रज कोमट बियर का पितात? त्यांचे फ्रिज ल्यूकसचे असतात म्हणून. विनोद अन्यायाचा आहे. पन्नास वर्षं ओल्या गॅरेजात ठेवलेल्या वायरींनी याहून काय करावं? चेन्नईच्या ल्यूकस टीव्हीएसमुळे हे नाव आपल्याकडच्या मेकॅनिकांनाही पाठ आहे, आणि मायनर तर 'बेबी हिंदुस्तान' या नावानं इथेही चालली. म्हणजे ही भाऊबंदकी तशी जुनी.

आपल्याकडे मात्र बॅटरीचा शत्रू वेगळा. थंडी बॅटरीला मारत नाही. उन्हाळ्यात आतून खचलेली बॅटरी थंडीत उघडी पडते एवढंच. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली उभ्या गाडीची बॅटरी जी गळते आणि झिजते, ती ब्रेमारला ऐकूनही खरी वाटणार नाही. चार महिने पावसाळ्याच्या आच्छादनाखाली जाणाऱ्या पुण्यामुंबईच्या पद्मिनी गाड्यांना म्हणूनच चार्जरची गरज मायनरपेक्षा जास्त. 2020 च्या टाळेबंदीत सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये ओळीनं बसलेल्या बॅटऱ्या ज्यांनी पाहिल्या त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तर विलायती गाडीवाल्यानं घ्यावा तरी कुठला? स्वतःहून व्होल्ट पाहून थांबणारा कुठलाही. एक ते पाच अँपिअर पुरे; हिवाळ्यात घाई कुणालाच नाही. गाडी सहा व्होल्टची असेल तर सहाचं बटण असलेला. जुन्या गाडीत एजीएम बॅटरी बसवली असेल तर तशी सोय असलेला, आणि वजन कमी करायच्या नादात लिथियमची घातली असेल तर शून्याखाली ती चार्ज करायचीच नाही. नोव्हेंबरात पूर्ण भरावी, टोक सुटं करावं, नाताळानंतर एकदा मल्टिमीटर लावावा, 12.4 च्या खाली दिसली तर रात्रभर चार्जरवर ठेवावी. एवढ्यावर ती एप्रिलमधल्या 'ड्राइव्ह इट डे'ला, म्हणजे ज्या रविवारी देशभरच्या जुन्या गाड्या पुन्हा रस्त्यावर येतात त्या दिवशी, एका सेल्फमध्ये उठते.

चार्जर वाया मात्र जात नाही. जुनी गाडी गॅरेजात, म्हणून रोजची गाडी रस्त्यावर दंवात उभी. तिचा संगणक रात्रभर बॅटरी खातो आणि जानेवारीतल्या एखाद्या सोमवारी सकाळी तीच टकटक करून गप्प होते. मग गॅरेजातली वायर अंगणातून ओढून बाहेर आणली जाते.

मायनरला लागते ती वस्तू वेगळी. तिच्या बॅटरीच्या टोकांवर जुन्या पद्धतीच्या शिशाच्या टोप्या असतात, त्या एकेका स्क्रूनं धरलेल्या. सोडवायला एक स्क्रूड्रायव्हर पुरतो. अर्थचं, म्हणजे बॉडीला जोडलेलं, टोक आधी काढायचं आणि लावताना शेवटी लावायचं. मायनरमध्ये ते पॉझिटिव्ह असतं.